पिक विकून पीक येत नाही : शिकागो बेअर्स, ड्राफ्ट आणि मी

नेपरविलकर
२५ एप्रिल २०२५, सकाळी

काल रात्री दहाव्या पिकाला माझ्या तोंडून असा काही आवाज निघाला की बायको स्वयंपाकघरातून धावत आली. "काय झालं? पुण्याहून फोन आला का?" म्हटलं, नाही गं, टाइट एंड घेतला. "बरं" म्हणाली आणि परत फोडणीकडे गेली. तिच्या लेखी हे दर एप्रिलचंच आहे.

त्यात यंदाचा ड्राफ्ट ग्रीन बेमध्ये, आमच्या जुन्या वैरी पॅकर्सच्या गावात. म्हणजे लग्न आमच्या घरचं आणि मांडव भांडणातल्या भावकीच्या अंगणात.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकन फुटबॉलचा ड्राफ्ट म्हणजे आयपीएलचा लिलाव नव्हे. इथे पैसा बोलत नाही, पाळी बोलते. गेल्या हंगामात जो सगळ्यात वाईट खेळला त्याने कॉलेजातून येणाऱ्या पोरांतला पहिला उचलायचा. ३२ संघ, ७ फेऱ्या, यंदा एकूण २५७ पिक, म्हणजे निवडीच्या पाळ्या. २०११च्या करारापासून या नव्या पोरांचा पगार पिकाच्या क्रमांकाला बांधलेला आहे, तोही ४ वर्षांसाठी. संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असते, त्यामुळे ड्राफ्टात हिरा सापडला तर ४ वर्षं तो स्वस्तात खेळतो आणि उरलेल्या पैशात बाकीचा संसार मांडता येतो. आणि ही पाळी विकता येते. आजचीच नव्हे, पुढच्या वर्षीची आणि त्याच्याही पुढच्या वर्षीची.

आमच्या आजोळी एखादं घर बसलं की म्हणायचे, "बियाणं खाल्लं त्यांनी." पेरायला ठेवलेलं धान्य दळून खाल्लं की पुढचं सांगायला नको. आमचे बेअर्स हे असलं घर आहे.

मी इथे २००६च्या उन्हाळ्यात आलो. त्याच हंगामात बेअर्स सुपर बोलमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्यात. माझा पहिला सुपर बोल, त्यातली पहिलीच किक, आणि डेव्हिन हेस्टर चेंडू घेऊन ९२ यार्ड पळत सुटला तो थेट समोरच्या टोकापार, टचडाऊन. हा हेस्टर दुसऱ्या फेरीतला, ५७वा पिक. मला वाटलं, हे असंच असतं. सामना आम्ही २९-१७ हरलो आणि तेव्हापासून माझं शिक्षण सुरू आहे.

आता हिशोब बघा. २००९ आणि २०१० : पहिल्या फेरीचे दोन्ही पिक डेन्व्हरला, क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा, आक्रमण चालवणारा) जे कटलर याच्यासाठी. २०१९ आणि २०२० : दोन्ही रेडर्सना, बचावपटू खलील मॅकसाठी. २०२२ : न्यूयॉर्क जायंट्सना, क्वार्टरबॅक जस्टिन फील्ड्ससाठी २०वरून ११वर चढलो त्याची किंमत. २००९ ते २०२२ या १४ ड्राफ्टांपैकी ५ वेळा पहिल्या फेरीत आम्ही नुसते बघे. आणि जेव्हा पिक होता तेव्हाची गत काय? २०१५ला सातव्या क्रमांकावर केव्हिन व्हाइट. पोरगा चांगला होता, पण दुखापती. ४ हंगामांत १४ सामने, टचडाऊन एकही नाही.

मॅकबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगतो. २०१८ला त्याने आम्हाला १२-४ (१२ विजय, ४ पराभव) करून दिलं. पुढे बाद फेरीत आमच्या किकरने ४३ यार्डांवरून मारलेला चेंडू आधी उभ्या खांबाला आणि मग आडव्या दांडीला आपटून बाहेर आला आणि आम्ही फिलाडेल्फियाच्या ईगल्सकडून १६-१५ हरलो, त्यात मॅकचा काय दोष?

पण २०१७! तिसरा पिक हातात होता. दुसऱ्या क्रमांकावर सॅन फ्रान्सिस्को. एक पायरी चढायला आम्ही त्यांना आमचा तिसरा, ६७वा, १११वा आणि वर २०१८च्या तिसऱ्या फेरीचा पिक दिला. कोणासाठी? क्वार्टरबॅक मिच ट्रुबिस्की, ज्याने कॉलेजात सुरुवातीपासून खेळलेले सामने १३. पुढे क्वार्टरबॅकांचा राजा ठरलेला पॅट्रिक माहोम्स दहाव्या क्रमांकावर गेला. सॅन फ्रान्सिस्कोने आमच्या तिसऱ्या पिकावर घेतला बचाव फळीतला खेळाडू, म्हणजे ट्रुबिस्की जागेवर बसूनही मिळाला असता असं मला आजही वाटतं. आणि तो ६७वा पिक त्यांनी पुढे न्यू ऑर्लिन्सला विकला, त्यावर आला अल्व्हिन कमारा, पुढे नावाजलेला खेळाडू. बियाणं आमचं, कणसं शेजाऱ्याच्या शेतात.

याच्या उलट एकदाच झालं, तेही नशिबाने. ८ जानेवारी २०२३, हंगामाचा शेवटचा दिवस. आम्ही हरून ३-१४. तरी पहिला पिक ह्यूस्टनचाच होणार होता, त्यांनी फक्त हरायचं होतं. ते इंडियानापोलिसला ३२-३१ हरवून बसले, शेवटच्या मिनिटात टचडाऊन आणि वर २ गुण. त्यांचा प्रशिक्षक कोण? लव्ही स्मिथ, आमचाच जुना, मला सुपर बोल दाखवणारा. त्याच संध्याकाळी त्याला नारळ मिळाला. आमच्या ग्रुपवर त्याचा फोटो देवघरात लावायची भाषा झाली होती.

तो पहिला पिक आमचा व्यवस्थापक रायन पोल्सने कॅरोलायनाला विकला. मिळालं काय : डीजे मूर, ९वा पिक, ६१वा पिक, २०२४ची पहिली फेरी, २०२५ची दुसरी फेरी. पुढच्या हंगामात कॅरोलायना २-१५, म्हणजे तो २०२४चा पिक परत पहिलाच निघाला. त्यावर क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स. बेअर्सच्या इतिहासात इतकं शहाणपणाचं काम दुसरं मला दाखवा. आणि ते काय होतं? मागे सरकणं. थांबणं.

मग इतक्या जपून आणलेल्या केलेबचं केलं काय? पहिल्याच हंगामात ६८ वेळा सॅक, म्हणजे चेंडू हातात असतानाच आडवा. ६८! पोरगं दर रविवारी धोबीघाटावर. म्हणून काल मला पुढच्या फळीत टॅकल, म्हणजे त्याला राखणारा टोकाचा गडी, हवा होता. कॅम्पबेल चौथा गेला, मेंबू सातवा, बँक्स अगदी आमच्या तोंडावर नववा. तिघेही गेल्यावर मी टीव्हीला म्हणत होतो, मागे सर बाबा, कोणीतरी गिऱ्हाईक असेल, दोन पिक घे, पुढे टॅकल बघ. तर घेतला कोल्स्टन लव्हलँड, मिशिगनचा टाइट एंड, म्हणजे थोडा अडवणारा, थोडा झेलणारा. घरात कोल केमेट हा टाइट एंड असताना.

बोला.


शुद्धलेखनप्रेमी
२५ एप्रिल, सकाळी

शीर्षकात पिक की पीक?


नेपरविलकर
२५ एप्रिल, सकाळी

दोन्ही. ऱ्हस्व विकतात, दीर्घ काढतात.


कट्टर_पॅकर
२५ एप्रिल, दुपारी

मिलवॉकीहून नमस्कार. पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

नेपरविलकर, एवढं मोठं लिहायची गरज नव्हती. आम्ही क्वार्टरबॅक रॉजर्स २४वा घेतला, तीन वर्षं बाकावर बसवला. लव्ह २६वा घेतला, तोही तीन वर्षं बसवला. तुम्ही पोरगं आणता आणि दुसऱ्याच महिन्यात मैदानात ढकलता. मुळात प्रश्न ड्राफ्टचा नाही, संगोपनाचा आहे.

अवांतर : २०२३ला दहाव्या पिकासाठी एक घर मागे सरकून तुम्ही जेलन कार्टर फिलाडेल्फियाला सोडलात. त्याच्या बोटात आता सुपर बोलची अंगठी आहे. पुढच्या वर्षी चौथ्या फेरीत तुम्ही घेतलात पंटर, आक्रमण अडलं की चेंडू लाथेने दूर धाडणारा. मागे सरकणं म्हणजे शहाणपण म्हणे!


नेपरविलकर
२५ एप्रिल, दुपारी

लव्हसाठी तुम्ही ३०वरून २६वर चढला होतात, चौथ्या फेरीचा पिक देऊन. तेव्हा थांबण्याच्या गोष्टी तुम्ही करू नका.

पंटरबद्दल काही बोलणार नाही. तो बिचारा आमच्याकडे सगळ्यात जास्त कामात असतो.

कार्टर लागला, मान्य. पण आम्ही घेतलेला डार्नेल राइट आज आमच्या फळीतला सगळ्यात भरवशाचा गडी आहे. आणि संगोपनाचं म्हणाल तर शंभर टक्के सहमत, तिथे माझी मान खाली.


पुणेरी_पास
२५ एप्रिल, रात्री (आमची)

मी खऱ्या फुटबॉलचा माणूस, पायाने खेळतात तो. हलके घ्या. पण ड्राफ्ट हा प्रकार आपल्याकडेही होऊन गेलाय. २०१७च्या जुलैत मुंबईत आयएसएलचा (इंडियन सुपर लीग) ड्राफ्ट झाला होता. जमशेदपूरचा संघ नवा, त्यांना पहिली निवड, त्यांनी अनस एडाथोडिकाला घेतलं १ कोटी १० लाखांना. किंमत आधीच ठरलेली, फक्त पाळीने उचलायचं. तेव्हा आमच्या एफसी पुणे सिटीच्या वेळी मीही असाच टीव्हीसमोर बसलो होतो. आता तो संघच नाही, त्यामुळे तुमचं दुःख मला जरा चैनीचं वाटतं.

एक अडाणी प्रश्न. वाईट खेळलं की चांगला पिक मिळतो, तर मग संघ मुद्दाम हरत का नाहीत?


डेट्रॉइटची_सून
२५ एप्रिल, दुपारी

@पुणेरी_पास, खेळाडू आणि प्रशिक्षक मुद्दाम हरत नाहीत, कारण त्यांची नोकरी त्या रविवारीच ठरते. वर लव्ही स्मिथचं उदाहरण आहेच. हरून पिक मिळवला तरी तो वापरायला तिथे दुसराच कोणी आलेला असतो.

आता लव्हलँडबद्दल. नेपरविलकर, तुम्ही रागावलात ते समजलं, पण एक गोष्ट विसरताय. तुमचा नवा मुख्य प्रशिक्षक बेन जॉन्सन आमच्या घरून, म्हणजे डेट्रॉइट लायन्सकडून, आलाय. तो डेट्रॉइटला तीन हंगाम आक्रमणाचा सूत्रधार होता. २०२३ला आम्ही ३४व्या पिकावर सॅम लापोर्टा घेतला, टाइट एंड. तेव्हा आमच्या सासऱ्यांनीही तुमच्यासारखाच आवाज काढला होता. पोराने पहिल्याच हंगामात ८६ झेल घेतले. जॉन्सनच्या स्वयंपाकात टाइट एंड म्हणजे मीठ. दोन टाइट एंड एकाच वेळी मैदानात असले की समोरच्या बचावाला कळत नाही, हे आता अडवणार आहेत की पळणार आहेत. त्या गोंधळाचा फायदा क्वार्टरबॅकला होतो. आणि अडवणारा आणखी एक माणूस मिळतो, तुम्हाला तेच हवं होतं ना?

बाकी टॅकल हवा म्हणून चौथा टॅकल उचलायचा, हा भाजी संपली म्हणून किडकी वांगी आणण्याचा प्रकार. आमचा सीवेल सातवा होता, तो तसा उपलब्ध होता म्हणून घेतला. यादीत जो वर आहे तो घ्यायचा. ॲमॉन-रा सेंट ब्राउन तर ११२वा. गरजेने खरेदी केली की फसतो, हे मला भाजीबाजारात कळलं आणि नवऱ्याला लायन्समुळे. :)


आकडेमोड
२५ एप्रिल, संध्याकाळी

दोन मुद्दे, त्यातला पहिला नेपरविलकरांना आवडणार नाही.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला डॅलसचा प्रशिक्षक जिमी जॉन्सनने पिकांच्या किमतीचं एक कोष्टक वापरात आणलं. पहिला पिक ३००० गुण, दुसरा २६००, तिसरा २२००. पुढे सगळ्या लीगमध्ये सौदे त्याच भाषेत होऊ लागले. आता २०१७चा तुमचा सौदा त्यात मांडा. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर चढायचं तर फरक ४०० गुणांचा. तुम्ही दिलेला ६७वा पिक २५५ गुणांचा आणि १११वा ७२ गुणांचा. झाले ३२७. राहिलेल्यासाठी पुढच्या वर्षीची तिसरी फेरी. म्हणजे बाजारभावाने सौदा फारसा वावगा नव्हता! भाव बरोबर होता, माल चुकला. माहोम्ससाठी तेवढेच पिक दिले असते तर तुम्ही आज त्या सौद्याची जयंती साजरी केली असती. कॅन्सस सिटीसुद्धा २७वरून दहाव्यावर चढूनच माहोम्सपर्यंत पोचली. तेव्हा "चढणं वाईट, थांबणं चांगलं" हे सूत्र टिकत नाही.

दुसरा मुद्दा तुमच्या बाजूचा. तो बाजारभावच फुगलेला आहे. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोघांनी ड्राफ्टचा अभ्यास करून दाखवलं की संघ वरच्या पिकांना लायकीपेक्षा जास्त मोल देतात. एकाच जागेवर खेळणाऱ्या आणि ड्राफ्टात एकामागोमाग गेलेल्या दोघांपैकी आधी घेतलेला सरस निघण्याची शक्यता निघाली फक्त ५२ टक्के. नाणं उडवलं तर ५०. म्हणजे त्या २ टक्क्यांसाठी घरदार गहाण. शिवाय आज दुसऱ्या फेरीचा पिक हवा म्हणून पुढच्या वर्षीची पहिली फेरी द्यायची, असा तिथला रिवाज. सावकारसुद्धा इतकं व्याज लावत नाही. तुमची बियाण्याची गोष्ट ती हीच.

मजा म्हणजे थेलर शिकागो विद्यापीठातले. त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं २०१७ला, तुम्ही ट्रुबिस्की घेतलात त्याच वर्षी. तुमच्या मैदानापासून, सोल्जर फील्डपासून, विद्यापीठ गाडीने फार लांब नाही.


नेपरविलकर
२५ एप्रिल, संध्याकाळी

आकडेमोड, तुमचा पहिला मुद्दा दोनदा वाचला. पचायला जड आहे, पण खरा आहे. मी भावावर ओरडत आलो आणि दुखणं फाजील खात्रीचं होतं. तेव्हाचा व्यवस्थापक रायन पेसला स्वतःच्या नजरेवर इतका भरवसा होता की १३ सामने बघून त्याने पोरगं पसंत केलं. त्याच वर्षी मार्चमध्ये त्याने क्वार्टरबॅक माइक ग्लेननला ३ वर्षांचा करार दिला होता, ४ कोटी ५० लाख डॉलरचा! एका घरात दोन नवरदेव. तरी त्याच पेसने चौथ्या-पाचव्या फेरीत काय काय वेचलं बघा : एडी जॅक्सन, टरीक कोहेन, जॉर्डन हॉवर्ड, डार्नेल मूनी. जिथे भरवसा कमी तिथे नजर चांगली. जिथे भरवसा जास्त तिथे खड्डा.

पण म्हणूनच तर म्हणतोय, नजर ५२ टक्केच चालते तर नाणी जास्त हवीत. एका नाण्यासाठी चार नाणी द्यायची नाहीत. माझं सूत्र एवढंच सुधारून घ्या.

पोल्सनेही बियाणं खाल्लंय हं, तो काही संत नाही. २०२२च्या नोव्हेंबरात दुसऱ्या फेरीचा पिक देऊन पिट्सबर्गकडून चेस क्लेपूल आणला. आम्ही त्या वर्षी शेवटून पहिले, त्यामुळे तो पिक झाला ३२वा, जवळपास पहिल्या फेरीचाच. त्यांना मिळाला जोई पोर्टर ज्युनियर. क्लेपूलने आम्हाला एक टचडाऊन दिलं आणि वर्षाच्या आत गेला.

डेट्रॉइटताई, लापोर्टाचं पटलं. किडक्या वांग्यांचं जास्त पटलं. पण केलेब पुन्हा ६८ वेळा आडवा झाला तर मी हा धागा वर काढणार.


शॉमबर्गचे_काका
२५ एप्रिल, रात्री

तुम्ही सगळे तरुण आहात, त्यामुळे चिडता. मी इथे १९८२ साली आलो. पुढच्याच वर्षीचा ड्राफ्ट सांगतो. पहिल्या फेरीत आमचे दोन पिक होते. सहावा जिम कोव्हर्ट, टॅकल. अठरावा विली गॉल्ट. मग दुसऱ्या फेरीत माइक रिचर्डसन, तिसऱ्यात डेव्ह ड्युअरसन, चौथ्यात टॉम थेअर. आणि आठव्या फेरीत मार्क बॉर्ट्झ आणि २०३व्या क्रमांकावर रिचर्ड डेंट. तेव्हा फेऱ्या १२ असायच्या. टीव्हीवर कोणी बघत बसत नव्हतं, मी दुसऱ्या दिवशी कारखान्यात पेपरात वाचलं, आणि डेंट हे नाव वाचलंसुद्धा नसेल. पावणेतीन वर्षांनी, २६ जानेवारी १९८६ला, न्यू इंग्लंडला ४६-१० हरवलं आणि सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला हाच डेंट. आजच्या ७ फेऱ्यांत आठवी फेरीच नाही.

या पोरांना आणणारा तेव्हाचा व्यवस्थापक जिम फिंक्स. १९७५ला वॉल्टर पेटनही त्यानेच आणला, चौथ्या क्रमांकावर, जॅक्सन स्टेटसारख्या छोट्या कॉलेजातून. त्याने काही चमत्कार केला नाही. १९८३लाही आधी अडवणारा घेतला, मग पळणारा.

आणखी एक गंमत. ड्राफ्ट १९३६ला सुरू झाला. सगळ्यात पहिला पिक कोण? जे बरवँगर, आमच्याच शिकागो विद्यापीठाचा. फिलाडेल्फियाने घेतला आणि त्याचे हक्क बेअर्सना विकले. बेअर्सचे मालक हॅलस यांच्याशी पैशावर जमलं नाही, आणि तो गडी आयुष्यात एकही व्यावसायिक सामना खेळला नाही. म्हणजे बेअर्सने पहिल्याच वर्षी दुसऱ्याचा पिक विकत घेतला आणि हाती काही लागलं नाही. खोड जुनी आहे.


कट्टर_पॅकर
२५ एप्रिल, रात्री

काका, तुमच्यापुढे नमस्कार. तुमच्यामुळे आज टोमणा मारवत नाही.

(उद्या मारीन.)


नेपरविलकर
२६ एप्रिल, सकाळी

रात्रभर झोप नाही, पण वेगळ्या कारणाने.

काल दुसऱ्या फेरीत ३९व्या पिकावर मिझुरीचा ल्यूथर बर्डन, रिसिव्हर, म्हणजे पास झेलणारा. हा ३९वा म्हणजे कॅरोलायनाचाच, २०२३च्या सौद्यातला शेवटचा हप्ता! हिशोब करा : मूर, राइट, केलेब, बर्डन. आणि त्या ६१व्या पिकात थोडी भर घालून घेतलेला टायरिक स्टीव्हन्सन. हा तोच, जो गेल्या ऑक्टोबरात वॉशिंग्टनच्या शेवटच्या चेंडूला मैदानाकडे पाठ करून प्रेक्षकांना चिडवत होता आणि आम्ही १८-१५ हरलो. पाचांत एक असा निघतोच, प्रत्येक घरात असतो.

पण खरी बातमी पुढे. ४१वा पिक पण आमचाच होता. मी दम धरून बसलो. आणि ते मागे सरकले! बफेलोला ४१वा, ७२वा आणि २४०वा दिला, ५६, ६२ आणि १०९ घेतले. ५६व्यावर ऑझी ट्रॅपिलो, बॉस्टन कॉलेज, टॅकल. ६२व्यावर शेमार टर्नर, बचाव फळीचा. मी परत ओरडलो. या वेळी बायको उठलीच नाही.

त्यातून मार्चमध्येच जो थुनी, जोना जॅक्सन आणि ड्रू डालमन ही मधली तिकडी आणलेली होती, थुनी तर कॅन्सस सिटीकडून फक्त पुढच्या वर्षीच्या चौथ्या फेरीवर. म्हणजे फळीचं काम आधीच दुसरीकडून चाललं होतं आणि मी गुरुवारी उगाच टीव्हीशी भांडत होतो. डेट्रॉइटताई, वांगी मागे घेतो.


डेट्रॉइटची_सून
२६ एप्रिल, दुपारी

वांगी मागे घेऊ नका, भरून करा. डाव्या टॅकलचा प्रश्न अजून सुटलेला नाही हं. ट्रॅपिलो कॉलेजात गेली दोन वर्षं उजवीकडे खेळलाय. तुमच्या ब्रॅक्स्टन जोन्सचा घोटा डिसेंबरात मोडला होता. नोव्हेंबरपर्यंत तो धागा वर येऊ शकतो.


पुणेरी_पास
२६ एप्रिल, रात्री (आमची)

मी काल रात्री काय केलं सांगू? तुमच्या लीगच्या जुन्या ड्राफ्टांच्या याद्या वाचत बसलो, दीड वाजेपर्यंत. बायकोने विचारलं, कोणाचा निकाल बघतोयस? तुम्ही लोकांनी मला लावलंत हे.


आकडेमोड
२६ एप्रिल, संध्याकाळी

@पुणेरी_पास, स्वागत. उद्यापासून कोष्टक पाठ करायला घ्या.


नेपरविलकर
२६ एप्रिल, रात्री

संपला एकदाचा. काका, खास तुमच्यासाठी : शेवटच्या फेरीत एक रनिंग बॅक, चेंडू घेऊन पळणारा, घेतलाय. २३३वा पिक. रटगर्स विद्यापीठाचा, काइल मोनंगाय. टीव्हीवाल्यांनी त्याच्यावर फार वेळ घालवला नाही.


शॉमबर्गचे_काका
२६ एप्रिल, रात्री

२३३ म्हणजे डेंटच्याही ३० मागे. नाव परत एकदा नीट लिहा बघू, चष्मा लावतो. या वेळी वहीत लिहून ठेवतो.